माफिया म्हणे गरिबांची बँक होता!

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय, फॅमिली ग्रुपवर आली, शाळेच्या ग्रुपवर आली, ऑफिसवाल्यांनी पण टाकली. थोडक्यात म्हणणं असं की न्यूयॉर्कचा जुना माफिया म्हणजे गरिबांची बँक. बँक ज्याला दारात उभं करत नव्हती त्याला हे लोक नुसत्या शब्दावर पैसे द्यायचे, ना कागद ना गहाण, व्याज जरा जास्त पण माणूस शब्दाचा पक्का, मारहाण वगैरे सिनेमावाल्यांनी रंगवलेली कारण मेलेला माणूस पैसे फेडत नाही, आणि तसंही आता हे सगळं इतिहासजमा झालंय. खाली नुसता बदामांचा पाऊस. म्हटलं चला, एकेक मुद्दा घेऊ.

"व्याज जरा जास्त." जरा? न्यूयॉर्कच्या गल्लीतला छोट्या कर्जाचा ठरलेला भाव होता पाचाचे सहा, म्हणजे आज 5 डॉलर घ्या, पुढच्या आठवड्यात 6 द्या. आठवड्याला 20 टक्के! आपल्याकडे शेकडा पाच महिना म्हटलं तरी लोक कानाला हात लावतात, आणि इथे आठवड्याचा हिशोब चाललाय. वर्षाचं सरळ व्याज धरलं तर 1040 टक्के होतात, चक्रवाढ तर सोडूनच द्या. न्यूयॉर्क राज्याने 1965 मध्ये वर्षाला 25 टक्क्यांच्या वर व्याज घेणं हा फौजदारी गुन्हा केला, म्हणजे पाचाचे सहावाला दुसऱ्या आठवड्यातच ती वर्षाची मर्यादा ओलांडून मोकळा. मोठ्या रकमेला दर कमी असायचा हे खरंय, आठवड्याला 5 टक्के वगैरे, पण गंमत अशी की ते नुसतं व्याज, न्यूयॉर्कमध्ये त्याला विग म्हणतात, शिकागोत ज्यूस, आणि ते कितीही भरलं तरी मुद्दल जागचं हलत नाही. 10,000 डॉलर घेतले, आठवड्याला 500 देत राहिलात, तर वर्षभरात 26,000 भरून पण 10,000 उभेच्या उभे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने 1967 मध्ये स्पष्ट लिहिलंय की या सावकाराला मुद्दल परत मिळण्यात नाही तर व्याज चालू राहण्यात रस असतो. आता सांगा, कर्ज फिटू नये अशी इच्छा असणारी बँक कुठे असते? (असते, असं कुणीतरी कमेंटमध्ये म्हणणारच, म्हणा.)

"शब्दाचा पक्का." हा मुद्दा वाचून तर मला हसूच आलं, कारण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातली या विषयावरची सगळ्यात गाजलेली केस नेमकी यावरच आहे. पेरेझ विरुद्ध अमेरिका, 1971, न्यूयॉर्कची केस. एका माणसाने नवीन मटणाचं दुकान टाकलं आणि पेरेझ नावाच्या सावकाराकडून 1,000 डॉलर घेतले. ठरलं काय, तर 14 आठवडे, आठवड्याला 105. म्हणजे 1,470 दिले की सुटला. सहा-आठ आठवडे झाले असतील नसतील, पेरेझने हप्ता केला 130. कशासाठी? मनात आलं म्हणून! दुकानदाराने आणखी 2,000 उचलले तेव्हा हप्ता झाला 205, महिन्याभरात 330. दुकानदार कुरकुरला तर पेरेझने त्याला एका दुसऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली जो पैसे देत नव्हता आणि शेवटी हॉस्पिटलात जाऊन पडला. बस, एवढंच, हात पण लावला नाही. काही महिन्यांनी 500, आणि लगेच पुढच्या आठवड्याला 1,000 पाहिजेत म्हणाला. त्या बिचाऱ्याने माल पुरवणाऱ्यांचे पैसे थकवून ते 1,000 दिले, त्याच्या पुढच्या आठवड्यात परत 1,000 समोर उभे राहिले तेव्हा दुकानच विकून टाकलं. तरी सुटका नाही, बायकोला धमक्या सुरू. शेवटी तो म्हणाला आठवड्याला 25 देऊ शकतो, तर पेरेझचं उत्तर काय होतं माहितीय? चोरी कर, ड्रग्ज वीक, पण पैसे आण, पाठ आणि पाय मोडून हॉस्पिटलात जाण्यापेक्षा जेलमध्ये गेलेलं बरं. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये, कोर्टाच्या निकालपत्रातच हे सगळं आहे. हा तो शब्दाचा पक्का माणूस.

"मारहाण सिनेमावाल्यांनी रंगवली, मेलेला माणूस पैसे फेडत नाही." यातलं अर्धं खरंय आणि तीच अडचण आहे. कर्जदाराला मारून टाकणं त्यांना परवडत नाही, रोज रोज हातपाय तोडणं पण नाही, पोलीस मागे लागतात. पण वर बघितलंत ना, दुकान विकायला लावायला एक गोष्ट सांगणं पुरलं. म्हणूनच 1968 च्या केंद्रीय कायद्याने गुन्ह्याची व्याख्याच अशी केली की पैसे देतानाच दोघांनाही कळलेलं असेल की थकले तर मार पडू शकतो, तर तिथेच गुन्हा झाला, एक थप्पड पण मारलेली नसली तरी, आणि शिक्षा 20 वर्षांपर्यंत. पेरेझने याच कायद्याला आव्हान दिलं होतं, कोर्टाने 8 विरुद्ध 1 ने तो उचलून धरला. आणि ज्याला वाटतं की खरी मारहाण नव्हतीच त्याने शिकागोचा 1961 चा विल्यम जॅक्सनचा खून वाचावा, जेवण झाल्यावर नको. तो कर्जदार पण नव्हता, त्यांचाच वसुलीवाला होता, फक्त एफबीआयला खबर देतो असा संशय आला.

"ना कागद ना गहाण." गहाण नाही असं कसं म्हणता, अख्खा धंदा गहाण असायचा, फक्त तसं लिहून घेत नव्हते. मरे पॅकिंग नावाची न्यूयॉर्कची मांस-कोंबड्यांची होलसेल कंपनी होती, 1961 ची गोष्ट. कंपनीला पैशाची चणचण, माफियाच्या माणसाकडून कर्ज घेतलं, आणि थोड्याच दिवसांत तो माणूस कंपनीचा प्रेसिडेंट! मग कंपनीच्या जुन्या नावावर लाखो डॉलरचा माल उधारीत उचलायचा, माफियाशीच लागेबांधे असलेल्या कंपनीला पडत्या भावात विकायचा, रोकड काढून घ्यायची, आणि पुरवठादारांचे फोन यायला लागले की कंपनी दिवाळखोरीत. कागदाचं म्हणाल तर हिशोब चोख ठेवायचे हो. न्यू जर्सीत 1999 मध्ये जुगार आणि सावकारीच्या तपासात एफबीआयने निकोडेमो स्कार्फो ज्युनियरच्या कॉम्प्युटरवर काय टाइप होतं ते टिपणारं यंत्र गुपचूप बसवलं, कारण हिशोबाची फाइल पासवर्डने कुलूपबंद होती. पासवर्ड काय निघाला? बापाचा जेलमधला कैदी नंबर. बाप म्हणजे फिलाडेल्फियाचा डॉन. असो.

"बँक गरिबाला देत नव्हती." बरोबर, नव्हती देत. पण माफियाचं गिऱ्हाईक म्हणजे आजारी आईच्या औषधाला पैसे मागणारा गरीब हे चित्र मात्र कुणीतरी घरी बसून काढलंय. जुगारात हरलेला माणूस हे मोठं गिऱ्हाईक, आणि बेटिंग घेणारे आणि कर्ज देणारे बऱ्याचदा एकाच टोळीचे, एका खिशातून हरवायचं आणि दुसऱ्या खिशातून उसने द्यायचे. गोदी कामगारांचं तर याहून वाईट. 1950 च्या आसपास न्यूयॉर्कच्या धक्क्यावर रोज सकाळी माणसं गोल करून उभी राहायची आणि मुकादम बोट दाखवून कामाला घ्यायचा. तो मुकादम सावकाराशी मिळालेला, त्यामुळे ज्याने कर्ज घेतलंय त्याच्याकडे बोट वळणार. म्हणजे पैशाची गरज नसली तरी काम पाहिजे म्हणून कर्ज घ्यायचं, आणि पगार काढायचा पितळी बिल्ला सावकाराच्या खिशात! 1953 मध्ये खास वॉटरफ्रंट कमिशन नेमून ही उभं करून निवडायची पद्धत बंद करावी लागली.

राहिलं "इतिहासजमा". सप्टेंबर 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबो फॅमिली या माफिया टोळीच्या बॉससकट 14 जणांवर आरोपपत्र आलं, त्यात क्वीन्समधल्या एका कामगार युनियनकडून खंडणीचा आरोप आहे आणि सावकारीचा पण आहे. बॉस त्या वेळी 87 वर्षांचा होता.