पाटा लाल करा, राखेत पुरा म्हणे!

गेल्या रविवारी म्हसरुळहून मामीचा फोन आला. "तुझे मामा व्हॅनचा पाटा सोडून घेऊन गेलेत गॅरेजला. मोबाईलवर काहीतरी आलंय, चारशे रुपयांत नवा होतो म्हणे." मामांची व्हॅन म्हणजे मारुती ओम्नी, आणि पाटा म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचं वजन पेलणारी कमानदार पोलादी पट्टी; अशा पट्ट्या एकावर एक बसवून सेट होतो. मी तसाच निघालो. पोचेपर्यंत डावा पाटा तापवून झाला होता आणि मामा राख शोधत होते.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मला तर आठवड्याभरात तीन ग्रुपांतून आला. थोडक्यात असा: ओम्नी बंद झाली, पाटे मिळत नाहीत, मिळाले तर लुटतात. मागची बाजू बसली असेल तर पाटा गॅसवर लाल करा, ठोकून कमान द्या, रात्रभर राखेत पुरून ठेवा, हे 'जुन्या लोहारांचं गुपित' आहे. चीर दिसली तर वेल्डिंग मारा. माल जास्त न्यायचा असेल तर जीपचा एक जाड पाटा आत घाला, दुप्पट वजन पेलतं. बुशचे, म्हणजे पाट्याच्या टोकातल्या रबरी नळीचे, बोल्ट गाडी जॅकवर असतानाच करकचून आवळा. पाटे अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुनेच लावा. शेवटी पाट्यांत जळकं ऑइल सोडा. खाली हात जोडलेले.

मी नाशिकच्या अंबडला हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-निववून कडक किंवा मऊ करण्याच्या, भट्टीवर अठरा वर्षं काढली आहेत. बाकीचं सगळं मी एकवेळ हसून सोडलं असतं, पण राखेचं वाचून डोकंच फिरलं.

लोहार पाटा लाल करून राखेत पुरतो, हे खरं आहे. भंगारातले ट्रकचे पाटे आणून त्यांचे विळे-कोयते करणारे लोहार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण तो पुरतो कशासाठी? पाटा मऊ पडावा म्हणून. पाट्याचं पोलाद एरवी छिन्नीला आणि कानशीला सहजी दाद देत नाही. लाल करून राखेत सावकाश निवू दिलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि मग ते कापता, घडवता येतं. विळा घडून झाला की तोच लोहार धार पुन्हा तापवतो आणि तिला पाणी देतो. मेसेजवाल्याने त्यातला पाणी उतरवण्याचा अर्धा भाग उचलला, आणि पाटा 'नवा' करायचा उपाय म्हणून गावभर वाटला. विळ्याचं पाणी उतरलं तर फार तर गवत कापलं जाणार नाही. इथे त्या पाट्यावर मामा, मामी आणि चार नातवंडं बसून सप्तशृंगी गडाला जाणार होती. नांदुरीचा घाट ज्यांनी उतरलाय त्यांना मला काय म्हणायचंय ते कळेल.

कारखान्यात काय होतं तेही सांगतो. पाटा भट्टीत साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवतात आणि लालभडक असतानाच तेलात बुडवतात. त्याने तो इतका कडक होतो की दणका बसला तर काचेसारखा तडकेल. म्हणून तो पुन्हा तापवायचा, या वेळी साधारण साडेचारशे अंशांच्या आसपास, आणि तेवढ्यावर मुरवायचा. या दुसऱ्या तापवणीत त्याला लवचिकपणा येतो. दोन्ही वेळा अख्खा पाटा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारखा तापलेला असतो. गॅसच्या नोझलने तुम्ही वीतभर भाग लाल करता. मधला भाग मऊ, कडेला अर्धवट तापलेला पट्टा, त्यापलीकडे मूळचं पोलाद. एकाच पाट्यात तीन प्रकारचं लोखंड. राखेऐवजी पाण्यात बुडवणारेही महाभाग आहेत, त्यांचा पाटा खड्ड्यात सरळ मोडतो.

यावर "मी केलंय, गाडी झकास उभी आहे" असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. उभी राहणारच! पाणी उतरलं म्हणून पाटा पहिल्या दिवशी जास्त वाकत नाही. तेवढ्याच वजनाला तो तेवढाच वाकतो, कारण ते पाट्याच्या लांबी-रुंदी-जाडीवर आणि पोलाद पोलाद असण्यावर ठरतं. पाण्याने ठरतं ते हे की किती वाकल्यावर तो परत मूळ जागी येईल. ती मर्यादा निम्म्याच्याही खाली येते. रिकामी व्हॅन अंगणात ऐटीत दिसते. मग एक दिवस द्राक्षांचे क्रेट भरून स्पीडब्रेकरवरून जाते आणि जी बसते ती उठतच नाही. मेसेजसोबत 'आधी आणि नंतर'चे फोटो आहेत. नंतरचा फोटो त्याच संध्याकाळचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

मामांना हे सगळं सांगून काही उपयोग नव्हता. "तू शिकलेला आहेस, पण लोहार काय खुळे होते का?" म्हणाले. मग मी गॅरेजवाल्याकडून कानस मागून घेतली. पाट्यावर तापवलेली जागा लगेच दिसत होती: मध्ये पापुद्रे सुटलेला काळपट डाग, भोवती निळसर कडा. टोकाकडे कानस मारली, ती चरचरत घसरली, जेमतेम ओरखडा उठला. डागावर मारली तर चंदेरी कीस पडायला लागला. "मामा, तुम्हीच मारून बघा." त्यांनी दोन्हीकडे चार-चार हात मारले, कानस खाली ठेवली आणि राखेची बादली स्वतःच ओतून दिली.

आता जे अर्धवट खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान देता येते. जुने कारागीर न तापवता, थंडच, ठोकून किंवा प्रेसवर देतात, आणि पाट्याला चीर नसेल तर काही महिने गाडी नीट चालते. थकलेलं पोलाद हळूहळू परत बसतंच. सेट सुटा करून अख्खे पाटे भट्टीत घालून पुन्हा पाणी दिलं तरी काम होतं, पण ते चारशेत होत नाही. एवढ्या छोट्या गाडीसाठी त्यापेक्षा नवा सेट परवडतो.

वेल्डिंगचं तर बोलूच नये. ग्रिलच्या साध्या लोखंडात कार्बन 0.2 टक्क्यांच्या आसपास असतो, पाट्यात 0.5 ते 0.6. असल्या पोलादावर वेल्डिंग मारलं की टाक्याच्या शेजारचा भाग भाजून पटकन निवतो आणि ठिसूळ होतो. टाका शाबूत राहतो, पाटा त्याच्या बाजूला तुटतो. कधी तुटलेल्या पाट्याचं तोंड बघा. एका कोपऱ्यात तपकिरी, गंजलेला, शिंपल्यासारख्या रेषांचा भाग असतो, तेवढी चीर महिनोन्‌महिने आत सरकत होती. उरलेला भाग करडा, दाणेदार, तो एका झटक्यात गेला. चीर दिसली की पाटा भंगारात, एवढंच.

जीपचा जाड पाटा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 6 मिलिमीटरच्या पाट्यांत 8 मिलिमीटरचा घातला तर तो एकटाच शेजाऱ्याच्या जवळपास 2.4 पट ताठ. शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भार स्वतःवर ओढून घेतो, आणि तेवढ्याच वाकण्यात जाड पाट्यावर ताणही जास्त येतो, त्यामुळे आधी तोच मोडतो. तोवर मागे बसलेल्यांची हाडं खिळखिळी होतात. आणि समजा पाट्यांनी पेललं, तर ओम्नीचे ते बारा इंची टायर, बेअरिंग, ब्रेक कोण पेलणार? आरसी बुकातलं वजनही पाटा घातल्याने वाढत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019च्या बदलापासून ओव्हरलोडचा दंड 20 हजारांपासून सुरू होतो, वर जादा टनामागे 2 हजार. चारशे रुपयांत भागवायचं होतं ना?

बुशचा मुद्दा बारीक वाटतो, पण नवे पाटे टाकणारेही इथेच चुकतात. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा नियम साफ आहे: पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल वळीतले) आणि शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) नट आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची आणि मगच ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळायचे. कारण बुशचं रबर घसरत नाही, पिळवटतं. गाडी जॅकवर लटकत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग हेच लोक म्हणतात, आजकालचे बुश डुप्लिकेट येतात.

यू-बोल्ट नवेच टाका, एकदा ताणलेल्या आट्यांवर भरवसा नाही. यू-बोल्ट ढिला राहिला तर पाटा मध्यावर, सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशीच मोडतो. जळक्या ऑइलने बुशचं रबर फुगतं आणि पाट्यांत धूळ चिकटून कानशीसारखी घासत बसते. करकर होत असेल तर सेट खोला, गंज तारेच्या ब्रशने काढा, ग्रॅफाइट ग्रीस लावा. आणि हो, ओम्नी 2019ला बंद झाली हे खरं, पण 1984पासून पस्तीस वर्षं निघालेली गाडी आहे ती! पाटे मिळतात. मला तिसऱ्या दुकानात मिळाले.

दोन्ही बाजूंचे टाकले, एकच बाजू बदलून गाडी तिरकी करायची नव्हती. सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप लावला. आधी डावी बाजू तीन बोटं खाली होती, आता फरक दिसत नाही. मंडळी गडावर जाऊन आली. नवे पाटे एकमेकांवर बसले की यू-बोल्ट थोडे सैल पडतात, म्हणून आता ते पुन्हा आवळायचेत. पाना मामांकडेच आहे, दिवाळीपासून.