प्रेमाला वेळ द्या, फक्त कॉल संपू द्या

संसारात प्रेमाला वेळच मिळत नाही, अशी तुमचीही तक्रार असेल. मिळतो हो. जरा नियोजन लागतं.

नवऱ्याशी जे काही बोलायचं ते डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर बोलून घ्या. पुढे तो जेंट्सच्या दारात लटकणार आणि तुम्ही लेडीजमध्ये चौथ्या सीटवर अर्ध्या टेकणार.

गावी सासू-सासऱ्यांना फोन रविवारी भांडी घासताना लावावा, स्पीकरवर. त्यांचे गुडघे आणि आपली कढई, दोन्ही एकदम मार्गी लागतात.

फुलं ॲपवरून मागवा. चिठ्ठीही तेच लिहितात.

आणि बाहेर जेवायला गेलात तर सिझलर मागवू नका. परवा लग्नाचा वाढदिवस म्हणून मी मागवला. तो तडतडत टेबलावर आला आणि ह्यांचा फोन वाजला. "दोनच मिनिटं हं," म्हणत हे काचेच्या दाराबाहेर पानवाल्याशेजारी जाऊन उभे राहिले. तडतड थांबली. कोबीच्या पानावरचं लोणी थिजलं. वेटरनं दोनदा पाणी भरलं, तिसऱ्यांदा हळूच विचारलं, "मॅडम, पार्सल करू?" काचेतून दिसत होतं, हे हातवारे करून कुणाला तरी काहीतरी पटवत होते. इतकं जीव तोडून माझ्याशी शेवटचं कधी बोलले, हे आठवायला मला चांगला निवांत वेळ मिळाला. आत येऊन म्हणाले काय? "अगं, थांबलीस कशाला? सुरू करायचं ना!" आणि कॉल कशाचा, तर सोमवारच्या मीटिंगमध्ये कुठली स्लाइड आधी दाखवायची. शनिवारी रात्री साडेनऊला! सर्व्हर पडला नव्हता, कुठे आग लागली नव्हती. स्लाइड!

पण साहेबलोकांना नावं ठेवू नका, त्यांना देश घडवायचाय. २०२३ मध्ये एका उद्योगपतींनी तरुणांना आठवड्याला ७० तास राबायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या बड्या कंपनीच्या अध्यक्षांचे ९० तास गाजले. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही त्यांनी विचारलं होतं. ९० म्हणजे रविवार धरून रोज जवळजवळ १३ तास. लोकलचे तीन. राहिले आठ, त्यात झोप, आंघोळ, दळण आणि प्रेम.

फ्रान्समध्ये ऑफिस सुटल्यावर फोनपासून सुटका मिळावी म्हणून २०१७ पासून कायदा आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक, म्हणजे सरकारतर्फे नव्हे तर खासदारानं स्वतःच्या नावानं आणलेलं, लोकसभेत मांडलं. आणि १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. बसा वाट बघत.

अहो, पण फोनवर लाल बटण आहे ना? ते दाबायला कायदा कशाला हवा? "जेवतोय, सोमवारी बोलू," एवढे तीन-चार शब्द तोंडातून निघत नाहीत? नोकरी जाईल म्हणे! एकदा तरी म्हणून बघितलंत का? बायकोवर ओरडताना बरा आवाज फुटतो!

आणि शनिवारी रात्री फोन फिरवणारे साहेब, तुम्हालाही घर असेलच की. तिथेही कुणीतरी जेवायचं खोळंबलं असेल. ठेवा तो फोन आणि जा जेवायला!