‘जीन्स घालता ना? मग प्राडाबद्दल बोलू नका’: या फॉरवर्डला उत्तर

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरी दिसली. कंपनीने तिला नुसतं ‘चामडी सँडल’ म्हटलं. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय, कधी फॅमिली ग्रुपवर, कधी एखाद्या रीलवाल्याच्या तोंडी. शब्द बदलतात, आशय तोच असतो. कल्चरल अप्रोप्रिएशन, म्हणजे दुसऱ्याच्या संस्कृतीतली वस्तू श्रेय न देता उचलल्याची तक्रार, हे अमेरिकेतल्या वोक (सामाजिक अन्यायाबद्दल अतिजागरूक) पोरांचं खूळ आहे. संस्कृती कुणाच्या बापाची नसते. आपण जीन्स घालतो, पिझ्झा खातो, बटाटा आणि मिरची तर पोर्तुगीजांनी आणली. मग इटलीवाल्यांनी आपली चप्पल घातली तर एवढा थयथयाट कशाला? उलट फुकटात जाहिरात झाली. आणि शेवटी हुकमी पान: तुम्ही तरी शेवटची कोल्हापुरी कधी घेतलीत?

हा मजकूर निम्मा खरा आहे, म्हणूनच इतका पळतो. शिवाय समोरच्या बाजूनेही कमी गोंधळ घातला नाही. ‘सव्वा लाखाला कोल्हापुरी विकतायत’ म्हणून लोक तुटून पडले होते, पण ती चप्पल विक्रीला काढायची की नाही हेच तेव्हा ठरलेलं नव्हतं, असं कंपनीने लेखी कळवलं होतं. अस्मितेच्या नावाने टाकलेल्या पोस्टींपैकी निम्म्यांत चप्पल बनवणाऱ्याचा उल्लेखही नव्हता. तेव्हा या फॉरवर्डला उत्तर देताना त्या पोस्टींची वकिली करायची माझी इच्छा नाही.

आधी जीन्स. प्राडाच्या मॉडेलने कोल्हापुरी घातली यावर शहाण्या माणसाचा आक्षेप नव्हताच. खाली ‘कोल्हापुरी’ असं लिहिलं असतं तर आपणच पेढे वाटले असते. जीन्स आपल्याकडे आली ती नाव मिरवत आली. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये पँटीला रिव्हेट ठोकण्याचं पेटंट घेतलं, त्यावर पैसा कमावला, मुदत संपली, मग सगळ्यांना रान मोकळं झालं. आजही कमरेमागच्या त्या लेबलासाठी आपण हजार-दोन हजार जास्त मोजतो. तुळशीबागेतल्या कुठल्याही दुकानदाराने ‘ही पँट आम्हीच शोधून काढली’ म्हणून पाटी लावलेली नाही. बटाट्याचंही तेच. बटाटेवड्यामुळे पेरूतल्या कुठल्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक तुटलं नाही. देवाणघेवाण म्हणतात ती हीच, आणि तिला कुणाची ना नाही.

उलट नुसतं अंगावर घालण्यालाच आक्षेप घेणारे लोक आहेत आणि ते चुकतात, हेही सांगून टाकतो. २०१५ मध्ये बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मोनेच्या एका चित्रासमोर प्रेक्षकांना किमोनो हा जपानी पोशाख चढवून फोटो काढता येत होते. त्यावर निदर्शनं झाली आणि संग्रहालयाने कार्यक्रम आवरता घेतला. ते किमोनो जपानच्याच एनएचके या प्रसारण संस्थेने करवून घेतलेले होते आणि जपानमध्येही लोकांनी ते हौसेने घालून पाहिले होते. निदर्शनांना उत्तर म्हणून किमोनो नेसून आलेल्या जपानी बायकाही तिथे होत्या. असल्या प्रकाराला पोलिटिकल करेक्टनेसचा अतिरेक म्हणायला माझी हरकत नाही. पण त्या किमोनोवर जपानचं नाव होतं. मिलानमधल्या चपलेवर कोल्हापूरचं नव्हतं, आणि फॉरवर्डवाला नेमका हाच फरक गिळून टाकतो.

‘संस्कृती कुणाच्या मालकीची नसते’ हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे. पण मालकी सांगायला पहिल्यांदा कोण धावतं ते बघा. मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. कशाचं, तर जखमेवर हळद लावण्याचं! गुडघा फुटल्यावर आजी डब्यातून चिमूटभर काढते त्या हळदीचं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. संस्थेने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख पुरावा म्हणून मांडला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करून घेतलं. ‘ज्ञान सगळ्यांचं असतं’ म्हणत तेव्हा आपण हात बांधून बसलो असतो, तर ते ज्ञान कागदोपत्री एकाचंच होऊन बसलं असतं.

कोल्हापुरीच्या बाबतीत तर मालकीची सरकारी नोंदच आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. नोंद दोन महामंडळांच्या नावावर आहे: महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचं लिडकर. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे तिकडचे चार. (सीमाप्रश्नावर ज्यांचं एका वाक्यावरही जमत नाही, त्या दोन राज्यांचं चपलेवर एकमत झालं. कर्नाटकातल्या अथणीच्या कारागिरांना विचारलंत तर ते म्हणतील, नाव तेवढं कोल्हापूरचं झालं.)

मग कोर्टात काय झालं? प्राडाविरुद्ध काही वकिलांनी जनहित याचिका केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली. यावरून ‘बघा, कोर्टानेही हाकललं’ असं फिरवलं गेलं. कोर्टाचा सवाल वेगळा होता: मानांकनाचे नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, तर दाद मागणारे तुम्ही कोण? ज्यांच्या नावावर नोंद आहे त्यांनी यावं. म्हणजे मालकच नाही असं कोर्ट म्हणालं नाही. मालक कोण ते उलट बोट ठेवून दाखवलं.

कायदा तोकडा आहे, हे मात्र कबूल. जीआय प्रामुख्याने नावाला कुंपण घालतं. अंगठा, कान, पट्टा, वेणी हे सगळं जसंच्या तसं उचललं आणि ‘कोल्हापुरी’ हा शब्द टाळला, की हात पोचणं मुश्किल. त्यात आपल्या नोंदणीची सत्ता आपल्या हद्दीपुरती. नाव न घेण्याचा फायदा कुणाला होतो ते यावरून समजावं.

आता वोक खूळ. या मुद्द्यावर मला खरोखर हसू येतं, कारण वस्तूच्या नावगावाबद्दल सगळ्या जगात हट्टी कोण असेल तर युरोप. फ्रान्सने रोकफोर चीजसाठी १९२५ मध्ये कायदा केला. तेव्हा वोक हा शब्द अमेरिकेबाहेर कुणाच्या गावीही नव्हता. प्राडाच्या स्वतःच्या देशातलं उदाहरण घ्या. इटलीतल्या पार्माच्या परिसरातलं पार्मिजानो रेज्जानो हे चीज. ‘पार्मेझान’ असं नुसतं त्यावरून बेतलेलं नाव दुसऱ्या कुठल्या चीजला लावण्यावरून प्रकरण युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे नाव उच्चारताच मूळ चीजच आठवतं, म्हणून त्यालाही संरक्षण आहे. चीज बनवणाऱ्या त्या इटालियन शेतकऱ्यांना कुणी अजून पोलिटिकली करेक्ट म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यांनी नावासाठी भांडलं की तो वारसा, आपल्या कारागिरासाठी कुणी नाव मागितलं की ते फॅड!

शिवाय प्राडाला हे नवीन होतं असंही नाही. याच कंपनीने २०१० मध्ये ‘मेड इन’ नावाची मालिका काढली होती. स्कॉटलंडचं लोकरी कापड, पेरूची विणकाम केलेली लोकर, जपानची डेनिम, आणि भारतातली चिकनकारी. प्रत्येकावर त्या त्या देशाचं नाव असलेलं लेबल. म्हणजे श्रेय कसं द्यायचं याचा वस्तुपाठ पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच घालून दिला होता. मग चपलेच्या वेळी तो कुठे गेला?

डिसेंबर २०२५ पासून युरोपीय संघात हस्तकलांच्या आणि औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक नावांनाही संरक्षण देणारा नियम लागू झाला आहे. तोवर ही सोय खाद्यपेयं आणि शेतमालापुरती होती. युरोपाबाहेरच्या वस्तूंनाही तिथे अर्जाची वाट खुली आहे. मुंबई आणि बंगळुरूच्या महामंडळांनी हा अर्ज करावा, यासाठी खरं तर फॉरवर्ड फिरायला हवेत.

‘फुकटात जाहिरात झाली’ याचं उत्तर थोडक्यात. नाव न घेता झालेली जाहिरात कोणाची होते? २०१४ मध्ये पॉल स्मिथ या ब्रिटिश डिझायनरने पेशावरी चपलेसारखी दिसणारी सँडल ‘रॉबर्ट’ नावाने तीनशे पौंडांना काढली. पाकिस्तानी लोकांनी आरडाओरडा केला, याचिका निघाली, तेव्हा कुठे वर्णनात पेशावरी चपलेचा उल्लेख आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आदिदासचंही तसंच झालं. मेक्सिकोतल्या यालालाग गावच्या ‘वाराचे’ नावाच्या चपलांवरून त्यांनी जोडा काढला, गाव आणि सरकार दोघांनी दम भरल्यावर कंपनीची माणसं गावात जाऊन माफी मागून आली. प्राडाचंही निराळं नाही. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी पत्र लिहिलं. त्यावर प्राडाच्या सामाजिक जबाबदारी विभागाचे प्रमुख लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी ही चप्पल भारतीय हस्तकलेवरून सुचल्याचं मान्य केलं. जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात कारागिरांच्या दारात आली. डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि लिडकर यांच्याबरोबर करार झाला आणि भारतात बनवलेले दोन हजार जोड साधारण आठशे युरोला, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर, विकायचं जाहीर झालं. ‘कोल्हापुरी’ हे नाव जगात गेलं ते ज्यांनी थयथयाट केला त्यांच्यामुळे, आणि फॉरवर्ड त्यांचीच टिंगल करतो.

राहिलं हुकमी पान: तुम्ही तरी कोल्हापुरी कधी घेतलीत? हा टोमणा वर्मी लागतो, लागायलाच हवा. फक्त तो मारणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा खोल जातो.

ही चप्पल होते कशी ते बघा. म्हशीचं कातडं चुन्यात भिजवायचं, केस उतरवायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमवायचं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केलं. ते कातडं चांभाराच्या घरी येतं. तळाचे थर कापायचे, पाणी मारून ठोकायचे, चामड्याच्याच वादीने शिवायचे. खिळा नाही. कान बसवायचे, पट्टा ओढायचा. वेणी आणि नक्षीचं बारीक काम बऱ्याच घरी बाया करतात, दारात बसून, स्वयंपाक आणि पोरं सांभाळत. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला उचलून धरलं, हे अस्मितेच्या पोस्टींत असतं. कातडं कमवणाऱ्या हातांचं पाणीही गावाला चालत नव्हतं, हे नसतं. पायांत घालायला चप्पल चालायची, बनवणारा मात्र उंबऱ्याबाहेर.

तेव्हा ‘आपली चप्पल’ म्हणणारे ‘आपण’ नक्की कोण? २०१६ च्या जुलैत गुजरातमधल्या उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून फोडून काढलं. त्यावर हा उद्योग चालावा म्हणून किती अस्मिता पेटल्या? महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हैस त्यातून वगळली, तरी चामड्याच्या वाहतुकीची धास्ती कारागिरांच्या मानगुटीवर बसली ती बसलीच. बाजारात ‘कोल्हापुरी’ म्हणून रेक्झिनचे जोड ढिगाने विकले जातात. ते प्राडाने आणलेले नाहीत.

वारली चित्रकलेचंही असंच. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. तीच चौकट पुण्या-मुंबईत पडद्यांवर, चहाच्या मगांवर, बँकेच्या कॅलेंडरवर आली. तिलाही जीआय आहे. मग छापणारे किती जण वारल्यांच्या गंजाड, डहाणू, तलासरीकडे पैसे पाठवतात?

पण यातून फॉरवर्डवाला जो निष्कर्ष काढतो तो निघत नाही. घरच्यांनीही ढापलं म्हणून बाहेरच्याला ढापायची परवानगी मिळते, हे कुठलं गणित? निघतं ते एवढंच, की मिलानला विचारलेला प्रश्न कोल्हापूरच्या दुकानात आणि मुंबईच्या मंत्रालयातही विचारायचा. चप्पल घेताना निदान विचारता येतं: जीआयचं लेबल आहे का? लिडकॉमने क्यूआर कोड आणलाय. स्कॅन केलं की कोणी बनवली, कुठे बनवली ते दिसायला हवं. नसेल कोड तर दुकानदार काय सांगतो ते ऐका, मजेशीर उत्तरं मिळतात. आणि ऐंशी हजारांतले किती वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात पडणार, हे प्राडाला विचारण्याआधी लिडकॉमला विचारा. ते सरकारी महामंडळ आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.