हप्ते चालू असलेल्या माणसाशी वाद घालू नये

लोक फोनच्या ब्रँडवरून इतके का भांडतात, याचं सगळं खापर लेखात जाहिरातींवर फोडलंय, ते मला अर्धंच पटलं. आमच्या मालवणच्या जेटीवर संध्याकाळी जमणारी पोरं आयफोन की अँड्रॉइड यावरून अशी हमरीतुमरीवर येतात की देवगड हापूस की रत्नागिरी हापूस हा वाद मवाळ वाटावा. आंबा निदान खाऊन तरी बघतात!

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले. कारण काय, तर क्ले या चित्रकाराची चित्रं आवडतात की कँडिन्स्की या दुसऱ्या चित्रकाराची. (खरं तर तेही नुसतं सांगण्यापुरतं, गट कसेही पाडले होते.) पैसे वाटायला दिले, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यांपेक्षा जास्त हवेत, असाच बऱ्याच मुलांचा कल दिसला. ओळखपाळख नाही, भांडण नाही, तरी ही तऱ्हा.

इथे तर वर फोनच्या हप्त्यांचं ओझं. शेजाऱ्याचा निम्म्या किमतीचा फोन चांगला निघाला तर घरी काय सांगणार?

आणि २०१७च्या आयफोन टेनचा पडदा सॅमसंगनेच पुरवलेला. हे जेटीवर बोललो, तर दोन्ही पार्ट्या एक होऊन माझ्यावरच घसरल्या. ‘काका, तुमचो फोन खयचो?’