नेलकटरचा खजिनदार

मी एका राजकीय पक्षाचा जिल्हा खजिनदार आहे. पक्षाचं नाव इथे देत नाही, कारण देऊन उपयोग होत नाही हे मला सहा वर्षांत पुरतं कळलंय. नाव लांबलचक आहे. समोरचा माणूस 'महाराष्ट्र'पर्यंत ऐकतो, मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते आणि शेवटी तो विचारतो, "म्हणजे कुठल्या गटाचा?" गट नाही म्हटलं की त्याला माझी कीव येते. हल्ली ज्याचे दोन गट नाहीत तो पक्ष कसला! पण फुटायलासुद्धा आधी माणसं लागतात हो.

पतसंस्थेत बत्तीस वर्षं कॅशिअर होतो. निवृत्त झालो त्याच महिन्यात सर घरी आले. सर म्हणजे आमचे जिल्हाध्यक्ष, गणिताचे क्लास घेतात. "नाना, तुम्हाला पैशाची सवय आहे," असं म्हणून त्यांनी पावतीपुस्तक माझ्या हातात ठेवलं. सवय होती, पण दुसऱ्यांच्या पैशाची. नसलेल्या पैशाची सवय इथे आल्यावर झाली.

लोकांना वाटतं, पक्ष म्हणजे घरबसल्या काढायची गोष्ट. तसं नाही. शंभर मतदारांची प्रतिज्ञापत्रं लागतात, दहा हजारांचा ड्राफ्ट लागतो, वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी लागते. हे सगळं वरच्या मंडळींनी केलं. त्या शंभरातले किती जण अजून पक्षात आहेत हे मी विचारलेलं नाही. काही झाकणं उघडू नयेत. आणि एवढं करून मिळतं काय? 'नोंदणीकृत परंतु मान्यता नसलेला' असा शेरा. शिवाय सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नाही तर आयोग यादीतून नाव काढतो. 2025च्या ऑगस्ट-सप्टेंबरात असे आठशेवर पक्ष काढले. म्हणजे निवडणूक लढवली नाही तर पक्ष जातो, आणि लढवली तर अनामत जाते.

आम्ही अनामत घालवायचं ठरवलं.

2024ची विधानसभा, उमेदवार सर. मतदारसंघ कुठला ते सोडा, जिल्हा सांगली एवढं पुरे. 22 ऑक्टोबरला अधिसूचना निघाली आणि 29 ऑक्टोबर अर्ज भरायचा शेवटचा दिवस. म्हणजे धनत्रयोदशी! लोक ज्या दिवशी घरात धन आणतात, त्या दिवशी आम्ही दहा हजार रुपये सरकारजमा करणार होतो. ते दहा हजार जमवायला हाताशी आठवडा, आणि तोही दिवाळीच्या तोंडावरचा.

आधी गणपती पेठेत एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे गेलो. जुनी ओळख, पतसंस्थेतली. त्यांनी गादीवर बसवून घेतलं, चहा मागवला, वर भडंग मागवलं. अर्धा तास देशाच्या परिस्थितीवर बोलले आणि म्हणाले, "नाना, तुमच्यासारखी माणसं राजकारणात पायजेत." हे वाक्य मी आता लांबून ओळखतो. ते आलं की समजायचं, पाकीट काही निघत नाही. पण निघालं. शंभराची नोट आणि वर एक रुपया. मी पावतीपुस्तक उघडलं तसे ते गादीवरून उठलेच.

"पावती नको."

"अहो, नियम आहे."

"नियम तुमाला. मला हितं दुकान चालवायचंय. उद्या कुणी ती पावती बघितली की म्हणंल, त्यांना एकशेएक दिलं, आमाला किती देताय?"

वर्गणी मागायला आलेल्या माणसाला वर्गणीदाराने हात जोडावेत, असा तो प्रसंग होता. मोठ्या पक्षांना पैसे देणाऱ्याचं नाव झाकायची सोय मध्यंतरी सहा वर्षं होतीच की! निवडणूक रोखे. 2018 ला निघाले, फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. पण ते घ्यायलाही आधीच्या निवडणुकीत किमान एक टक्का मतं लागायची. आमच्या टक्क्याचा पहिला आकडा दशांशचिन्हानंतर दोन शून्यं गेल्यावर सुरू होतो. वीस हजारांवरच्या देणग्यांचा तपशील आयोगाला कळवावा लागतो, त्या तक्त्यात मी दरवर्षी 'निरंक' लिहून सही करतो. वीस हजार एकरकमी आले असते तर आयोगाच्या आधी मी बँडवाल्याला कळवलं असतं.

एक मोठा देणगीदार मात्र आला होता. खोटं कशाला बोलू? फोनवर आला. आवाज गोड, भाषा शुद्ध. म्हणाला, "आपल्या पक्षाला दहा लाखांचा चेक द्यायचाय." मी उभा राहिलो. पुढे म्हणाला, "साडेनऊ लाख तेवढे रोखीने परत करायचे." मी खाली बसलो. पक्षाला दिलेल्या देणगीवर आयकरात पूर्ण सूट मिळते. त्याला कर वाचवायचा होता आणि आमचे पन्नास हजार सुटणार होते. सप्टेंबर 2022 मध्ये आयकरवाल्यांनी देशभर छापे घातले ते असल्याच धंद्यासाठी. सरांनी ऐकताक्षणी नकार दिला. मीही दिला, पण रात्रभर पन्नास हजारांचे फ्लेक्स मनातल्या मनात लावून झाल्यावर. वाईट एवढंच वाटलं, की आमच्या पक्षाचं पूर्ण नाव न अडखळता म्हणणारा सहा वर्षांतला तो पहिला माणूस होता.

शेवटी सरांच्या क्लासच्या माजी विद्यार्थ्यांनी निम्मे दिले, उरलेले चिल्लरीतून जमले. 29 तारखेला कापडी पिशवीतून नाणी घेऊन गेलो तर बाहेर दोन वार्ताहर धावत आले. त्यांना वाटलं, लोकशाहीचा निषेध वगैरे आहे. सरांनी खरं सांगितलं, "नाही, एवढेच जमलेत." वार्ताहर निघून गेले. सर फार सरळ आहेत.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, आम्हाला दहा लागतात. सरांनी आपल्याच गल्लीतले दहा गोळा केले होते. हे दहा लक्षात ठेवा.

माघारीचा दिवस 4 नोव्हेंबर, भाऊबीजेचा दुसरा दिवस. त्या दिवशी उमेदवारांवर दबाव येतो, आमिषं येतात, म्हणून आम्ही ठरवून सकाळपासून 'नॉट रिचेबल' झालो. सरांच्या मेव्हण्याच्या मळ्यात जाऊन बसलो, फोन बंद. दुपारी तीनला मुदत संपली तसे फोन चालू केले. एकच मिस्ड कॉल होता. गॅस एजन्सीचा.

मग चिन्ह. मोठ्या पक्षांची चिन्हं लोकांच्या आजोबांनाही पाठ असतात. आम्हाला ते माघारीनंतर कळतं आणि मतदारांच्या डोक्यात उतरवायला हाताशी चौदा दिवस. अर्जात तीन पसंत्या लिहायच्या होत्या. सरांनी पहिली लिहिली द्राक्षं. आमचा भाग द्राक्षांचा, प्रचाराला वेगळं काही बोलायलाच नको. दुसरी कॅरम बोर्ड. तिसरी ओळ रिकामी दिसू नये म्हणून यादीवर बोट ठेवलं आणि खाली आलेलं लिहून टाकलं. द्राक्षं दुसऱ्या एका छोट्या पक्षालाही हवी होती, चिठ्ठीत ती त्यांना गेली. कॅरमचीही तीच गत झाली. उरलं नेलकटर.

"वाईट नाही," सर म्हणाले. "भ्रष्टाचाराची नखं कापा!" सर लोकसभेपासून एका आशेवर होते. त्या निवडणुकीत साताऱ्यात एका अपक्षाला ट्रम्पेट हे चिन्ह होतं, त्याचं मराठी नाव पडलं तुतारी, आणि खऱ्या तुतारीवाल्यांची समजून सदतीस हजारांवर मतं त्याच्याकडे गेली. नेलकटरला दुसरंच चिन्ह समजून आपल्याला चुकून कुणाची मतं पडतील, याचा सरांनी रात्र जागून अभ्यास केला. एकाही मोठ्या पक्षाचं चिन्ह नेलकटरसारखं दिसत नव्हतं. फक्त यंत्रावर आमच्या लगेच खाली एक अपक्ष होता, त्याचं चिन्ह स्टेपलर. "त्याची चार-दोन आपल्याला पडतील," सर म्हणाले.

गणपतीची आरास करणाऱ्या एका पोराने साडेसातशे रुपयांत पाच फुटी पुठ्ठ्याचं नेलकटर करून दिलं. चंदेरी कागद, मधे कानशीसारखे दाते. ते सरांच्या स्कूटरवर मागे आडवं धरून मी बसायचो. पहिल्याच दिवशी नदीकडच्या वस्तीत पोरं ओरडत सुटली, "मगर! मगर आली!" कृष्णेत मगरी आहेत, माणसं सावध असतात. बायका दारात आल्या, कुत्री भुंकली. तेवढी गर्दी आमच्या पक्षाला ना त्याआधी जमली, ना त्यानंतर. सरांनी स्कूटरवरूनच भाषण सुरू केलं. पण मगर नाही म्हटल्यावर लोकांचा हिरमोड झाला.

घरोघरी जायचं ते संध्याकाळी, कारण दिवसा सरांचे क्लास. एका दारात आजी होत्या. पत्रक हातात घेतलं, चिन्हावर बोट ठेवलं. "ह्ये काय?"

"नेलकटर, आजी. ह्याच्यासमोरचं बटण दाबायचं."

त्यांनी पत्रक परत केलं. "तिन्हीसांजंला नखाचं नाव काढू नये, बाबा. लक्ष्मी जाती."

यावर उत्तर नाही. आमच्याकडून लक्ष्मी आधीच गेलेली होती हे त्यांना सांगून काय उपयोग? नशीब, मतदान बुधवारी होतं. मंगळवारी असतं तर आणखी शंभरएक मतं कमी झाली असती.

आम्हाला वीस स्टार प्रचारक नेमायची मुभा होती. मोठ्यांना चाळीस. आम्ही जोर लावून सहा नावं काढली, त्यात सहावं माझं. हिला सांगितलं, मी स्टार प्रचारक झालोय. ही म्हणाली, "मग येताना दळण घेऊन या."

खरी परीक्षा होती खर्चाच्या नोंदवहीची. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. चाळीस लाखांची मर्यादा असलेल्याला ज्या जाडीची वही, तीच आम्हाला. प्रचारकाळात तीनदा तपासणी. पहिल्या तपासणीत समोरच्या साहेबांनी एकूण बघितली, अकरा हजार तीनशे चाळीस, त्यात दहा हजार अनामतीचे. त्यांनी चष्मा काढला.

"बाकीचा खर्च कुठाय?"

"एवढाच आहे, साहेब."

"बघा हं. लपवाल तर नोटीस निघेल."

बत्तीस वर्षं नोकरीत एका पैचा फरक नाही माझा, आणि या वयात गरिबी लपवल्याचा आरोप! आमच्यावर नजर ठेवायला त्यांची वेगळी नोंदवही असते, तिच्यात आमच्या कोपरा सभेच्या पंचवीस खुर्च्या दरपत्रकाप्रमाणे धरल्या होत्या. त्या मारुतीच्या देवळाच्या, फुकटच्या. आणि बसलं होतं कोण? सभेला माणसं नऊ, त्यातले चार चित्रीकरण करायला आलेले निवडणुकीच्या पथकातले. पण त्या चौघांनी भाषण शेवटपर्यंत ऐकलं, हे मान्य केलं पाहिजे. एकाने तर मान डोलावली.

वर्तमानपत्रांचं काय सांगू? आमच्याकडे चौदा उमेदवार आणि मथळा 'तिरंगी लढत'. निकालाच्या दिवशी, 23 नोव्हेंबरला, टीव्हीवर आमचं नाव सकाळपासून संध्याकाळपर्यंत झळकलं: 'इतर'.

मतं पडली 487. 'नोटा'ला त्याच्या दुप्पट. अनामत वाचायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, तिकडे आम्ही बघितलंच नाही. पण मी पडलो कॅशिअर. मतदान केंद्रनिहाय आकडे मिळतात, ते घेऊन ताळा करायला बसलो. सरांच्या गल्लीच्या केंद्रावर सात मतं. सूचक दहा! सर आणि वहिनी धरले तर बारा. सरांनी तो कागद बराच वेळ बघितला, मग घडी घालून म्हणाले, "पाच जण लग्नाला गेले असतील."

मग मी माझ्या केंद्राचा आकडा बघितला. घरात मतदार दोनच, मी आणि ही. आकडा होता एक.

जेवताना मी काही बोललो नाही. पण भाकरी वाढता वाढता हीच म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? मी नखाचंच दाबलं. लांब राहिलेल्या सुनेलाही सांगितलं होतं दाबायला, पण तिचं नाव पुण्यात."

हिचा खोटं बोलण्याचा स्वभाव नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी वीस तारीख पहिल्यापासून आठवायला लागलो. सकाळी घाईत निघालो. केंद्रात शाई लावली. यंत्रावर सगळ्या उमेदवारांचे फोटो काळेपांढरे, सगळ्यांना मिशा. बटण दाबलं, शिट्टी वाजली. शेजारच्या पेटीच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. दिसली. चिन्ह लांबट होतं, तोंड उघडं. मी समाधानाने बाहेर आलो आणि वाचायचा चष्मा काढायला खिशात हात घातला, तर चष्मा घरीच राहिला होता.

खर्चाचा हिशोब निकालानंतर तीस दिवसांत द्यायचा असतो, तो मी विसाव्या दिवशी दिला, पैन् पै जुळवून. स्टेपलरचं अजून सरांना बोललो नाही.