हिरवा चुडा करडा करण्याची सोपी पद्धत

फोटो चांगले यावेत असं वाटत असेल तर उजेड, नजर, संयम असल्या जुन्या भानगडींत पडू नका. सरळ प्रीसेट घ्या. दुसऱ्या कुणीतरी, दुसरीकडे कुठेतरी, स्वतःच्या एखाद्या फोटोसाठी लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या पट्ट्या सरकवल्या त्यांच्या आकड्यांची यादी म्हणजे प्रीसेट. ती यादी आपल्या फोटोला जशीच्या तशी चिकटवायची, की आपणही कलाकार.

ही विद्या मला नुकतीच भाचीच्या कृपेने मिळाली. कुडाळला तिची हळद झाली. फोटो मी काढले. मामा असल्यामुळे मानधनाचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला. "मामा, त्या रीलमध्ये आहे ना, तस्साच लूक हवा. मी बंडल घेऊन ठेवलंय. तू नुसतं इन्स्टॉल कर." त्या नुसत्या इन्स्टॉलपायी माझा रविवार गेला. तुमचाही जावा, या सदिच्छेने पुढचं मार्गदर्शन करतो आहे.

बंडल घेताना आधी संख्या बघा. पन्नास प्रीसेट विकणाऱ्याकडे ढुंकूनही बघू नका, त्याने बहुधा ते स्वतः तयार केले असतील. दीडशे रुपयांत पाच हजार देणारा सापडेपर्यंत रील सरकवत राहा. एकच यादी 'क्रीमी वेडिंग 07', 'रॉयल वेडिंग 12' आणि 'मूडी ब्राऊन फायनल फायनल' अशा तीन नावांनी सापडली, तर मन मोठं करा आणि तिला विविधता म्हणा.

फुकट हवं असेल तर आधी फॉलो करा, मग कमेंटमध्ये 'प्रीसेट' लिहा, मग वाट बघा.

लिंक आली की लगेच उघडू नका. म्हणजे उघडायला जा, ती उघडणार नाही. गूगल ड्राइव्ह तुम्हाला परवानगी मागायला सांगेल. परवानगी मागा. ती देणारा माणूस त्या वेळी पुढच्या रीलमध्ये व्यग्र असतो. रात्री उशिरा परवानगी येते आणि त्यासोबत 'या फाइलची डाउनलोड मर्यादा संपली आहे, नंतर प्रयत्न करा' हा निरोपही येतो. अखेर झिप उतरली की तिच्या आत झिप, त्या झिपमध्ये 'आधी हे वाचा' नावाची फाइल, आणि त्या फाइलीत एवढंच, की पासवर्ड व्हिडिओत सांगितला आहे.

आता व्हिडिओ. लाइटरूम क्लासिकमध्ये प्रीसेट बसवणं हे लाज वाटावी इतकं सोपं काम आहे. डेव्हलप या विभागात जा, डाव्या हाताला प्रीसेटचं पॅनेल आहे, त्यावरचं अधिकचं चिन्ह दाबा, इम्पोर्ट म्हणा, फाइल दाखवा. झालं. साधी झिप असेल तर ती न सोडवताही दाखवता येते. पण एवढंच सांगितलं तर व्हिडिओ अर्ध्या मिनिटात संपेल, मग बिचाऱ्याने पोट कसं भरायचं? म्हणून तुम्ही बारा मिनिटं बघा. पहिली तीन मिनिटं स्वागताची. मग बेल आयकॉन. मग तो तुम्हाला सी ड्राइव्हमध्ये नेईल, तिथून युजर्स, तिथून अ‍ॅपडेटा. हा अ‍ॅपडेटा विंडोजने मुळातच लपवून ठेवलेला असतो. त्याच्या संगणकावर तो दिसतो, तुमच्या संगणकावर दिसत नाही, आणि तो का दिसत नाही हे विचारणाऱ्या शेकडो कमेंटांखाली बदामाची खूण टाकून गडी मोकळा झालेला असतो.

व्हिडिओ कुठल्या लाइटरूमचा आहे असा प्रश्न मनात आला तर तो दाबून टाका. ऑक्टोबर 2017 मध्ये लाइटरूम बनवणाऱ्या अडोबी कंपनीने एकाचे दोन केले, लाइटरूम क्लासिक वेगळं आणि नुसतं लाइटरूम वेगळं. दोघांचे चेहरे वेगळे, बटणं वेगळी. मोबाइलवरचं तिसरंच. शिकवणारा तिन्हींना 'एलआर' म्हणतो आणि पुढे जातो.

फायलींचे प्रकारही समजून घेऊ नका, उगाच डोक्याला ताप. एप्रिल 2018 पासून प्रीसेट एक्सएमपी फाइलमध्ये असतात, त्याआधी एलआरटेम्प्लेट असायचे. बंडलमध्ये दोन्ही एकाच फोल्डरात कालवलेले असतात. शिवाय डीएनजी असतात. डीएनजी म्हणजे फोटोच. फोनवर तो फोटोसारखा आत घ्यायचा, तीन टिंबांवर बोट ठेवायचं आणि त्यातून प्रीसेट तयार करायचा. पाच हजारांतले निम्मे असे असतील तर हे काम पोरांच्या उन्हाळी सुट्टीत करायला घ्या. राहिल्या क्यूब फायली. त्या लट (एलयूटी), म्हणजे रंग बदलायचे तक्ते आहेत, प्रामुख्याने व्हिडिओच्या रंगासाठीच्या. लाइटरूम त्या थेट घेतच नाही. फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमध्ये त्यांची प्रोफाइल, म्हणजे रंगांची मूळ बैठक, करावी लागते. पण विकणाऱ्याने त्याही पाच हजारांत मोजल्या आहेत, तेव्हा तुम्हीही मोजा.

फोल्डरात एखादी ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम चालवणारी, फाइल दिसली तर बिनधास्त डबल क्लिक करा. आकड्यांच्या यादीला सेटअप कशाला लागतो, असे प्रश्न संशयी माणसांना पडतात.

बसवलेले प्रीसेट दिसत नसतील तर लाइटरूम काढून टाका, पुन्हा टाका, संगणक बंद करून चालू करा, शेजारच्या काँप्युटरवाल्या पोराला बोलवा. काहीही करा, पण प्रेफरन्सेसमध्ये जाऊन प्रीसेटच्या टॅबवर 'अंशतः जुळणारे प्रीसेट दाखवा' अशा अर्थाची चौकट आहे, तिथे खूण आहे का ते मात्र बघू नका. प्रीसेट बनवणाऱ्याने त्याच्या कॅमेऱ्याची खास प्रोफाइल वापरली असेल आणि तुमचा कॅमेरा दुसरा असेल, तर तो प्रीसेट अर्धवट जुळणारा ठरतो. चौकटीत खूण असेल तर तो पुसट, तिरप्या अक्षरांत दिसतो, नसेल तर गायब. ही माहिती एका ओळीची आहे. त्या बारा मिनिटांत ती नाही.

आता मुख्य काम. प्रीसेट लावा आणि नवरीच्या हातांकडे बघा. हातात हिरवा चुडा भरलेला असतो ना, तो करडा झाला पाहिजे. झाला नाही तर समजा, बंडल बनावट आहे.

असं का होतं हे बघायला मी एक एक्सएमपी नोटपॅडमध्ये उघडली. उघडते. साधा मजकूर असतो, काही केबींची फाइल. त्यात हिरव्या रंगाचं सॅच्युरेशन, म्हणजे गडदपणा, उणे 80 च्या आसपास, म्हणजे हिरव्याचा जीवच काढलेला. उरलासुरला हिरवा पिवळ्याकडे ढकललेला, पिवळा नारिंगीकडे. आणि नारिंगीचा उजळपणा चांगला वर चढवलेला. लाइटरूममध्ये या कामाला 8 रंगांच्या पट्ट्या आहेत. त्यांना चुडा कळत नाही, आंब्याचा टाळ कळत नाही, शालूचा काठ कळत नाही. हिरवं दिसलं की मारायचं, एवढंच त्या यादीत लिहिलेलं आहे. ती ज्याने केली त्याच्यासमोर थंड मुलखातलं पाइनचं जंगल असणार, धुकं असणार, त्यात फिकट कपड्यांतलं एक जोडपं असणार. तिथे हिरवा दाबला की चेहरे उठतात. त्याने त्याच्या फोटोपुरतं बरोबरच केलं. पण इथे झावळ्यांचा मांडव आहे, दाराशी केळीचे खांब आहेत, मागे माडापोफळींचं आगर आहे आणि पाटावर बसलेल्या मुलीच्या दोन्ही हातांत चुडा आहे. यातून हिरवा काढलात तर मागे काय उरतं? मराठवाड्यातला एप्रिल! आणि हळद, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती अंगाला चिखल फासल्यासारखी तपकिरी. कुंकवाचं नारिंगी झालं ते वेगळंच.

मी ते फोटो नमुना म्हणून पाठवले. सासरच्या आजींनी फोन डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि मला विचारलं, "ह्यां काय रे? चुडो हिरवो होतो मा?"

काय सांगणार त्यांना? आजी, ते सिनेमॅटिक आहे?

आणि तो नारिंगीचा उजळपणा. सावळ्या कातडीचा रंग लाइटरूमच्या हिशेबात बराचसा नारिंगीत येतो. तो वर केला की माणूस उजळतो. माझी भाची सावळी आहे, देखणी सावळी आहे. प्रीसेटने तिला न विचारता गोरी केली, आणि गोरी तरी कसली, पिठूळ. अमेरिकेत कोडॅकच्या छपाईचे रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड वापरायचे, शर्ली कार्ड म्हणत त्याला. त्या बाईची कातडी बरोबर आली की सगळं बरोबर, बाकीच्या जगाने आपापलं बघावं. इतर वर्णांचे चेहरे त्या कार्डांवर यायला दशकं गेली. तेव्हा निदान म्हणता यायचं, की बाबा, लोकही तिकडचे आणि यंत्रही तिकडचं. हे बंडल 'इंडियन वेडिंग' या नावाने विकलं जातंय. विकणारा आपल्यातलाच, विकत घेणारीही आपल्यातलीच. आणि फुकटात, कुणी न सांगता, गोरं करून देणार!

व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडाचा रंग जुळवण्याचं, तर विचारूच नका. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फोटोत तो केल्व्हिनमध्ये मोजतात, जेपीजीमध्ये उणे 100 ते अधिक 100. दुपारच्या उन्हातल्या रॉ फोटोवरचा आकडा संध्याकाळी पिवळ्या दिव्याखालच्या फोटोवर टाका आणि मजा बघा.

एकेका फोटोला प्रीसेट लावत बसू नका. सगळे निवडा, सिंक दाबा, चहा प्यायला जा.

आता पुरे झालं. बंडल विकणाऱ्या भल्या माणसा, तुला लोकांकडून पैसे घेताना काहीच वाटत नाही का? प्रीसेट सेव्ह करताना समोर खुणांची लांबलचक यादी येते. काय ठेवायचं आणि काय वगळायचं ते तिथेच ठरतं. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स यांच्या खुणा काढायला दोन सेकंद लागतात, कारण त्या दोन गोष्टी ज्याच्या-त्याच्या उजेडावर अवलंबून असतात. तू त्या काढत नाहीस, कारण तू हे प्रीसेट केलेलेच नाहीस. कुणाचं तरी बंडल घेतलंस, नावं बदललीस, दुसऱ्या दोघांचं त्यात ओतलंस आणि आकडा पाच हजारांवर नेलास. पासवर्ड लावायला वेळ आहे. 'हे क्लासिकसाठी, हे फोनसाठी, हे रॉवर चालतं, जेपीजीवर नाही' एवढ्या चार ओळी लिहायला वेळ नाही.

आणि लग्नाची कामं घेणारे जे व्यावसायिक मित्र हेच बंडल वापरतात, त्यांना तर जास्तच सांगायचं आहे. भाची हौशी आहे, तिला माफ. तुम्ही पैसे मोजून घेता. अख्ख्या लग्नावर एक प्रीसेट फासता, करडा चुडा आणि तपकिरी पैठणी गुळगुळीत कागदावर छापून अल्बम हातात ठेवता, आणि घरच्यांनी विचारलं की सांगता, सध्या हाच ट्रेंड आहे. ती पैठणी कुणीतरी दुकानात तासभर बसून रंगासाठी निवडलेली असते! मोरपंखी हवी म्हणून चार दुकानं फिरलेली असतात माणसं. तुम्ही तिचा रंग ठरवणारे कोण?

प्रीसेट वापरू नका असं मी म्हणत नाही. मीही वापरतो, हजार फोटो असले की सुरुवात म्हणून कामाला येतो. पण आधी उजेड आणि व्हाइट बॅलन्स आपल्या हाताने जुळवा. मग प्रीसेट लावून बघा. भारी पडला तर 2022 पासून तीव्रता कमी करायची पट्टी आहे, बहुतेक प्रीसेटवर चालते, ती मागे आणा. मग हिरवा, पिवळा आणि नारिंगी या तीन पट्ट्या उघडा, चुडा हिरवा दिसेपर्यंत सरकवा, प्रीसेटच्या नावावर राइट क्लिक करा आणि नवे आकडे त्यातच जतन करा. पाच मिनिटांचं काम आहे. मूळ फोटोला यातलं काहीही धक्का लावत नाही, त्यामुळे छापून झालं नसेल तर आजही सुधारता येईल. ते करा. आणि छापायला पाठवायच्या आधी दहा फोटो तरी पडद्यावर मोठे करून, नवरीच्या मनगटापर्यंत जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.