हेम्प म्हणजे ताग नव्हे, आणि गांजा म्हणजे दुसरं झाड नव्हे

परवा कुणीतरी इथल्या एका बातमीचं मराठी करून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: ‘अमेरिकेत तागावर बंदी’. पाच मिनिटांत सांगलीहून काकांचा प्रश्न आला, "मग आता धान्य कशात भरणार रे तिकडचे लोक?"

काका, ताग नव्हे. ताग आपण हिरवळीच्या खताला पेरतो आणि फुलावर आला की जमिनीत गाडतो. अंबाडीही नव्हे. तिला इंग्रजीत ‘डेक्कन हेम्प’ म्हणत असतील, पण अंबाडीची भाजी खाऊन आजवर कुणाचं डोकं हललेलं नाही. इथे ज्याच्यावर गदा आलीय ते हेम्प म्हणजे गांजाचंच झाड. फरक फक्त सरकारी कागदातला, आणि माझं सगळं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे.

झालं असं. डिसेंबर २०१८ मध्ये ट्रम्प यांनी फार्म बिलावर, म्हणजे शेतीविषयक कायद्यावर, सही केली. ज्या झाडात डेल्टा-९ टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, ते हेम्प. जास्त असेल तर मारिहुआना. पहिलं कायदेशीर पीक, दुसरं हेरॉइनच्या, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थांच्या सगळ्यात कडक अशा पहिल्या, यादीत. हे घडवून आणणारे सिनेटर मिच मॅकॉनेल केंटकी राज्याचे. तंबाखू ओसरल्यावर शेतकऱ्याला काहीतरी पीक हवं होतं. दोरखंड, बिया, तेल, सीबीडी (याच झाडातलं, पण नशा न आणणारं द्रव्य), असं काहीसं चित्र डोळ्यापुढे असणार.

आता गणित करा. चार ग्रॅमच्या एका गमीचा, म्हणजे चघळायच्या गोड गोळीचा, ०.३ टक्का म्हणजे १२ मिलिग्रॅम. नवख्या माणसाला ५ मिलिग्रॅम पुरतात. सोड्याच्या ३५५ मिलिलिटरच्या कॅनला हेच प्रमाण लावलं तर हजाराच्या वर जातं! रोपासाठी लिहिलेली टक्केवारी लोकांनी खाऊला लावली आणि अक्षराला धरून ते बरोबर होतं. त्यातही कायद्याने फक्त डेल्टा-९ मोजायला सांगितलं होतं. मग सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून डेल्टा-८, म्हणजे डेल्टा-९ चंच नशा आणणारं भावंड, बनवलं गेलं. टीएचसीए असलेली फुलं ‘हेम्प’ म्हणून विकली गेली. ती पेटवली की टीएचसीएचं टीएचसी होतं, म्हणजे गांजाच. ज्या राज्यांत गांजाला परवानगी नव्हती तिथे पेट्रोल पंपावर लायटरच्या शेजारी हा माल आला.

तिथूनच मी एकदा घेतला. ही गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आई इथे आली होती तेव्हाची गोष्ट. गुडघ्यांमुळे तिला झोप लागत नव्हती. आम्ही शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, विस्कॉन्सिन डेल्सला, फिरायला निघालो होतो आणि वाटेत एका पंपावर थांबलो. पाकिटावर हसणारं अस्वल आणि ठळक अक्षरांत ‘हेम्प’. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "हेम्प आहे, नशा नाही, झोप मस्त लागते." तुपाच्या डब्याचं लेबल वाचून घेणारा मी, हे पाकीट उलटंसुद्धा केलं नाही.

हॉटेलवर रात्री नऊला तिला अर्धी गोळी दिली. दहापर्यंत काही झालं नाही म्हणून तिने उरलेली अर्धी आपणहून घेतली. साडेअकराला म्हणते, "अरे, हा पंखा इतका हळू का फिरतोय?" खोलीत पंखाच नव्हता. मग ती वीस मिनिटं हसत होती, आख्खं बाकरवडीचं पाकीट संपवलं, आणि त्यानंतर घाबरली. छाती धडधडायला लागली, हात गार पडले. तीन वाजेपर्यंत मी तिचा हात धरून बसलो होतो. पाकिटाच्या मागे, मुंगीच्या अक्षरांत: डेल्टा-८, एका गोळीत २५ मिलिग्रॅम. सकाळी तिचं निदान तयार होतं. "लहानपणी महाशिवरात्रीला मामाने थंडाई पाजली होती, अगदी तस्संच." तिने मला माफ केलं. ती गोष्ट ती आता भिशीतल्या बायकांना रंगवून सांगते.

तेव्हा कृपा करून मला ‘सगळं मोकळं सोडा’ गटात टाकू नका. वयाची अट हवी, प्रयोगशाळेतली तपासणी हवी, मोठ्या अक्षरांत मात्रा हवी, अस्वल नको.

आणि गंमत म्हणजे हे सगळं मी राहतो त्या मिनेसोटात होतं! हेम्पमधूनच. १ जुलै २०२२ पासून इथे हेम्पच्या टीएचसीचं खाणं-पिणं कायदेशीर झालं: एका मात्रेत ५ मिलिग्रॅम, एका पाकिटात ५०, वय २१. कायदा इतक्या गुपचूप पास झाला की रिपब्लिकन सिनेटर जिम अ‍ॅबेलर यांनी, आपण नेमकं काय मंजूर केलं ते लक्षात आलं नव्हतं, असं नंतर कबूल केलं. पण चाललं. बिअर खपेनाशी झाली तेव्हा इथल्या छोट्या ब्रुअरींना टीएचसीच्या सोड्याने तारलं. आमच्या कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात तो बिअरच्याच फ्रिजमध्ये असतो आणि माझे केस पांढरे असूनही ओळखपत्र मागतात. मी उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा घेतो. दुसऱ्या दिवशी डोकं धरत नाही, एवढाच माझा त्यामागचा अभ्यास.

गांजाचा रीतसर कायदा त्यानंतर, २०२३ मध्ये आला. रेड लेकच्या आदिवासी राष्ट्राने १ ऑगस्टला, पहिल्याच दिवशी, आपल्या जमिनीवर विक्री सुरू केली. बाकीच्या खासगी लायसन्सवाल्यांचं दुकान उघडायला सप्टेंबर २०२५ उजाडला.

त्यातला एक माझा मित्र. मूळचा नाशिकचा, आयटी सोडून यात पडला. राज्याचं लायसन्स, गावाची नोंदणी, कॅमेरे, तिजोरी, प्रत्येक पाकिटाला राज्याच्या ट्रॅकिंगचा टॅग. ग्राहकाकडून १५ टक्के वेगळा कर गोळा करायचा. बँक सहज मिळत नाही. आणि वर केंद्राच्या आयकर कायद्यातलं १९८२ चं कलम २८०-ई. हे कलम त्याने मला त्याच्या काउंटरवर पावतीच्या मागे लिहून समजावलं. समजा विक्री १०० डॉलर, मालाची किंमत ६०, भाडं-पगार-वीज ३५. खरा नफा पाच. पण मारिहुआना विकणाऱ्याला भाडं-पगार खर्चात धरता येत नाही, म्हणून कर ४० वर. २१ टक्क्यांनी आठ डॉलर चाळीस सेंट. पाच कमवा, साडेआठ भरा. शेजारच्या दारूच्या दुकानात तोच ५ मिलिग्रॅम टीएचसीचा कॅन ‘हेम्प’ म्हणून विकला जातो. त्याला कर फक्त पाचावर, कार्ड चालतं, आणि माल कुठल्याही राज्यातून ट्रकने येतो. मित्राचा गांजा मात्र राज्याची सीमा ओलांडू शकत नाही.

लायसन्सवाल्यांचा राग मला इथे समजतो. कॅलिफोर्नियात तर त्यांची ओरड इतकी होती की सप्टेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी तातडीचे नियम आणून, हेम्पच्या खाण्या-पिण्यात टीएचसीचा अंशही सापडता कामा नये, असं ठरवलं. उलट टेक्सासात विधिमंडळाने बंदी आणली आणि जून २०२५ मध्ये गव्हर्नर अ‍ॅबट यांनी नकाराधिकार वापरून ती उडवली. प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी.

मग आला २०२५ चा नोव्हेंबर. ४३ दिवसांचं शटडाउन, म्हणजे खर्चाला मंजुरी नसल्याने ठप्प झालेलं केंद्राचं कामकाज, संपवायचं होतं. सगळ्यांना पगार आणि विमानं सुरू व्हायची घाई होती. त्या खर्चाच्या विधेयकात हेम्पची नवी व्याख्या बसवली गेली. बसवण्यात पुढाकार कुणाचा? मॅकॉनेल यांचाच. ती काढायला धडपडणारे सिनेटर रँड पॉल, तेही केंटकीचेच. त्यांचा प्रस्ताव ७६ विरुद्ध २४ मतांनी बाजूला सारला गेला. १२ नोव्हेंबर २०२५ ला सही झाली आणि बरोबर वर्षाने ती लागू होणार आहे. आता टीएचसीएसकट सगळं टीएचसी मोजायचं, प्रयोगशाळेत बनवलेलं बाद, आणि तयार मालाच्या एका डब्यात सगळं मिळून ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा.

गोळीला नव्हे, डब्याला! माझ्या सोड्याच्या कॅनमध्ये याच्या साडेबारा पट टीएचसी आहे. तो जाणारच. पण सांधेदुखीला सीबीडीचं तेल घेणाऱ्या आज्यांचं काय? तीस ग्रॅमच्या बाटलीत जुन्या नियमाने ९० मिलिग्रॅमपर्यंत चाललं असतं. त्याच्या दहाव्या हिश्शाचं साधं, नशा न आणणारं पूर्ण-अर्क तेलही आता मर्यादेबाहेर. पेट्रोल पंपावरचं अस्वल मारायला निघालेत, पण गोळी आजीच्या बाटलीला लागतेय.

तरी मित्राने पेढे वाटले असतील असं तुम्हाला वाटेल. नाही वाटले. त्याच्या दुकानात पहिले तीन महिने राज्यात गांजाच पुरेसा पिकलेला नव्हता. शेल्फ भरलं ते हेम्पच्या सोड्यांनी. नोव्हेंबर २०२६ नंतर तोच सोडा केंद्राच्या लेखी मारिहुआना. म्हणजे २८०-ई त्यालाही लागू, दुसऱ्या राज्यातून आणायचा नाही, आणि ज्या ब्रुअरी तो बनवतात त्यातल्या निम्म्यांना हा धंदा परवडायचा नाही. स्पर्धक मरेल म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या लायसन्सवाल्यांना तो एवढंच विचारतो, की गांजाला परवानगी नसलेल्या विस्कॉन्सिनचं गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार कसं? त्याच्या गावात दुकानच नाही. तो फोन करून पार्किंगमध्ये माल आणून देणाऱ्याकडे जाणार, जिथे ना टॅग, ना तपासणी. डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी मारिहुआना पहिल्या यादीतून कमी कडक अशा तिसऱ्या यादीत हलवायचं काम लवकर करा असा आदेश काढला. ते खरंच झालं तर २८०-ई सुटेल. मित्र म्हणतो, आदेशावर भाडं भरता येत नाही.

आता आपल्या लोकांसाठी एक, कारण महाराष्ट्र मंडळाच्या पार्टीत हे कॅन मी हल्ली बघतो. तुम्ही एच-वन-बीवर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर राज्याने काय कायदेशीर केलंय याला इमिग्रेशन खातं विचारत नाही. २०१९ मध्येच त्यांनी स्पष्ट केलंय की राज्यात चालत असलं तरी मारिहुआनाचा वापर नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या वर्तणुकी’च्या आड येऊ शकतो. आजवर हेम्पचा कॅन केंद्राच्या कायद्यातही बसत होता, हा आधार होता. १२ नोव्हेंबर २०२६ ला तो जाणार. कॅन तोच, चव तीच, फ्रिजही तोच. मी वकील नाही, पण माझा अर्ज पडून असता तर मी लिंबू सरबतावर आलो असतो. आणि नोकरीतली लघवीची तपासणी तर हेम्प की गांजा असा भेद आजही करत नाही.

मला चीड येते ती या नावांच्या खेळाची. अशा खेळात आपणही मागे नाही. आपल्या अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत, म्हणून उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत आणि फुलोरा खिशात सापडला तर तुरुंग. इंग्रज या बाबतीत जास्त प्रामाणिक म्हणायचे: १८९३ साली भांग, गांजा, चरस तिन्हींची चौकशी करायला त्यांनी समिती नेमली, तिचं नावच ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’. डब्यात किती मिलिग्रॅम आहे आणि तो कुणाला विकला, एवढं दोनच मोजा ना. झाडाची जात कशाला विचारता?

शनिवारी मित्राकडे गेलो होतो. बाहेर उणे अठरा. एका ब्रुअरीचा माणूस उन्हाळ्याच्या ऑर्डरी लिहून घ्यायला आलेला. क्रॅनबेरी, लेमन, आणि नवीन एक आल्याचा. मित्राने जून-जुलैचे आकडे पटापट सांगितले. ऑगस्टला निम्मे केले. सप्टेंबरला विचारलं, "परत घ्याल का?" तो माणूस म्हणाला, "कुठे ठेवू?" दोघंही हसले. ऑक्टोबरचा रकाना मित्राने रिकामाच ठेवला आणि फॉर्मवर सही केली.